वॉलेटमध्ये आलेली धूळ: घाबरून सगळे हलवू नका

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

«मी पुण्यात राहून परदेशी ग्राहकांसाठी ग्राफिक डिझाइनची कामे करतो. काही मानधन ट्रॉन या क्रिप्टो जाळ्यावर यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेल्या टोकनात येते आणि तिथून मी ते एक्सचेंजवर पाठवतो. शिवाय २०१९ पासून थोडे थोडे बिटकॉइन हार्डवेअर वॉलेटमध्ये साठवले आहेत. गेल्या आठवड्यात एका जुन्या बिटकॉइन पत्त्यावर ५४६ सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी) आले. कुणी पाठवले, का पाठवले, काही ठाऊक नाही. दोन दिवसांनी ट्रॉनच्या वॉलेटमध्ये त्याहून विचित्र नोंद दिसली: मीच कुणाला तरी शून्य यूएसडीटी पाठवले आहेत! मी तर काहीच पाठवलेले नाही. वॉलेटची किल्ली असलेल्या माझ्या चोवीस शब्दांची चोरी झाली का? धाकटा भाऊ म्हणतो, नवे वॉलेट उघड आणि सगळे एका फटक्यात तिकडे हलव. ते ५४६ सातोशी परत करावेत का? आयकर विवरणात हे दाखवावे लागेल का?»

उत्तर:

आधी तुमची धडधड थांबवू या. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडवायला तुमच्या चोवीस शब्दांची गरजच नव्हती. बिटकॉइनच्या पत्त्यावर पैसे टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. पत्ता ठाऊक असला की झाले, आणि ज्या पत्त्यावर एकदा व्यवहार झाला तो सार्वजनिक खातेवहीत, म्हणजे साखळीवर (ब्लॉकचेन), कायमचा लिहिला जातो. शून्य यूएसडीटीची नोंदही तुमच्या सहीशिवाय होऊ शकते. ती कशी, ते पुढे येईलच. ज्याच्या हाती तुमचे शब्द लागले असते त्याने ५४६ सातोशी धाडले नसते, सगळेच उचलून नेले असते.

म्हणून भावाचा सल्ला आज मानू नका. त्याने तो काळजीपोटीच दिला आहे, पण धूळ टाकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. लोकांच्या पत्त्यांवर अशी नगण्य रक्कम, म्हणजे धूळ, टाकण्याला डस्टिंग म्हणतात. धूळ स्वतः काहीच चोरत नाही. ती आल्यावर मालक जे करतो त्यातून माहिती फुटते, आणि सर्वांत जास्त माहिती फुटते ती सगळी नाणी एकाच व्यवहारात हलवल्याने.

हे नीट कळण्यासाठी वॉलेटच्या आत काय असते ते पाहावे लागेल. वरून ते बँकेच्या पासबुकासारखे दिसते: एक आकडा, एक शिल्लक. आत मात्र तो बटवा आहे आणि त्यात वेगवेगळ्या रकमांच्या नोटा आहेत. कुणी ०.०१ बिटकॉइन दिले की ती एक नोट, दुसऱ्या कुणी ०.००३ दिले की ती दुसरी. तांत्रिक भाषेत हिला यूटीएक्सओ म्हणतात. इथे आपण नाणे म्हणू. प्रत्येक नाणे कुठल्या ना कुठल्या पत्त्यावर पडलेले असते आणि चांगले वॉलेट दर वेळी नवा पत्ता देते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला तुमचे पंचवीस पत्ते पंचवीस वेगळ्या माणसांचे वाटू शकतात. तुम्ही मोठी रक्कम द्यायला निघालात की वॉलेट त्यातली चार-पाच नाणी एकत्र करून देते आणि ती कुठल्या पत्त्यांवरची होती हे त्या व्यवहारात उघड दिसते. एकाच व्यवहारात एकत्र खर्च झालेली नाणी एकाच मालकाची, हे साखळीचा माग काढणाऱ्यांचे पहिले गृहीतक. बिटकॉइनचे जनक सातोशी नाकामोतो यांनी २००८ च्या आपल्या निबंधातच हा दुवा टाळता येत नाही असे लिहून ठेवले आहे.

आता ५४६ सातोशी काय करतात ते बघा. समजा तुमच्या जुन्या पत्त्यावर कधीकाळी एका ग्राहकाने वीस हजार रुपयांइतके बिटकॉइन पाठवले होते. ते तुम्ही केव्हाच खर्च केले आणि पत्ता रिकामा झाला. त्या ग्राहकाला तुमचे नाव ठाऊक आहे आणि तो एक पत्ता ठाऊक आहे. बाकीची बचत कुठे आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. त्या रिकाम्या पत्त्यावर धूळ पडली आणि पुढच्या खर्चात वॉलेटने ती तुमच्या बचतीच्या नाण्यांबरोबर गुंफली, तर तो रिकामा पत्ता आणि सगळी बचत एका दोरीत ओवली जाते. भावाच्या सल्ल्याप्रमाणे सगळे हलवलेत तर दोरीबाहेर एकही नाणे उरत नाही.

त्याने बिघडते काय? २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या विक्री विभागाची माहिती फुटली. सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक उघड्यावर आले. पुढे त्या लोकांना धमक्यांच्या मेल आल्या आणि काहींना तर बनावट उपकरणे टपालाने घरपोच आली. तिथे फुटली होती फक्त «या माणसाकडे वॉलेट आहे» एवढी माहिती. त्यात «आणि त्यात इतके आहे» हे जोडले गेले की कोणाच्या मागे लागायचे ते ठरवणे भामट्याला सोपे जाते. तुमचा खासगीपणा जपायचा आहे तो यासाठी. त्यात लपवाछपवी काही नाही. बँकेची शिल्लक आपण दारावर लिहून ठेवत नाही, तितकेच ते साधे आहे.

प्रत्येक धूळ हेरगिरीसाठीच असते असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लाइटकॉइन या दुसऱ्या क्रिप्टोचलनाच्या लाखो पत्त्यांवर ०.०००००५४६ लाइटकॉइनच्या आसपासची धूळ पडली आणि मोठा गवगवा झाला. नंतर एका खाणकाम (मायनिंग) समूहाने ती आपली जाहिरात होती असे सांगितले. २०२५ मध्ये जुन्या, वर्षानुवर्षे न हललेल्या बिटकॉइन पत्त्यांवर कायदेशीर नोटिशीच्या भाषेतले संदेश अशाच छोट्या व्यवहारांना चिकटवून पाठवले गेले. हेतू काय होता हे तुम्हाला बाहेरून ठरवता येणार नाही, आणि ठरवायची गरजही नाही, कारण उपाय एकच आहे.

आकडा ५४६ च का, हे समजले तर पुढचा एक धोका आपोआप कळतो. «१» ने सुरू होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर नाणे ठेवायला व्यवहारात ३४ बाइट लागतात आणि ते पुढे खर्च करायला १४८. बेरीज १८२. बिटकॉइन कोअर, म्हणजे बिटकॉइनचे जाळे चालवणारा मुख्य संगणकीय कार्यक्रम, हा दर बाइटला ३ सातोशी धरतो: १८२ गुणिले ३ म्हणजे ५४६. याहून लहान नाणे तयार करणारा व्यवहार नोड, म्हणजे जाळ्यातले संगणक, सहसा पुढे पाठवतच नाहीत. म्हणजे तुमच्याकडे आलेली रक्कम ही त्या पत्त्यावर पाठवता येणारी सर्वांत स्वस्त धूळ आहे. «बीसी१क्यू» ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी ही मर्यादा २९४ आणि टॅपरूट या नव्या पद्धतीच्या «बीसी१पी» पत्त्यांसाठी ३३० सातोशी आहे. या आकड्यांच्या जवळपासची, तुम्ही न मागितलेली जमा दिसली की ती धूळच समजा.

जाळ्यावरचे शुल्क बाइटला १० सातोशी असेल तर तुमचे ५४६ चे नाणे खर्च करायलाच १,४८० सातोशी लागतील. कुठलेही शहाणे वॉलेट अशा तोट्याच्या नाण्याला आपणहून हात लावत नाही. पण शुल्क बाइटला १ सातोशीवर उतरले की तेच नाणे १४८ मध्ये खर्च होते, ३९८ उरतात, आणि वॉलेटच्या हिशेबात ते फायद्याचे ठरते. तेव्हा जाळे शांत आणि स्वस्त असते, आणि लोकही त्याच काळात «चला, सगळी सुटी नाणी एकत्र करून टाकू» म्हणून बसतात. वर्षभर निपचित पडलेली धूळ अशाच एखाद्या रविवारी बचतीत मिसळते.

तेव्हा आजच ते नाणे गोठवा. वॉलेटच्या भाषेत फ्रीझ. त्यासाठी वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोल, म्हणजे कोणते नाणे खर्च करायचे ते स्वतः निवडायची सोय हवी. स्पॅरो या संगणकावरच्या वॉलेटमध्ये डावीकडच्या यूटीएक्सओ या टॅबवर जा, ५४६ च्या ओळीवर उजवी क्लिक करा आणि फ्रीझ निवडा. इलेक्ट्रम या तशाच दुसऱ्या वॉलेटमध्ये आधी व्ह्यू मेनूतून कॉइन्सचा टॅब दिसता करावा लागतो, मग उजव्या क्लिकवर फ्रीझ येते. तिथे एकटे नाणे गोठवता येते किंवा पूर्ण पत्ता. रिकाम्या जुन्या पत्त्याच्या बाबतीत पूर्ण पत्ताच गोठवा, कारण एकदा धूळ पडलेल्या पत्त्यावर ती पुन्हा पडू शकते. मोबाइलवर ब्लूवॉलेटमध्येही नाणे गोठवता येते. बिटकॉइन कोअर वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये कॉइन कंट्रोल चालू करा, पाठवण्याच्या पानावर इनपुट्स उघडा आणि नाण्याला कुलूप लावा. आवृत्ती २३ पासून हे कुलूप कार्यक्रम बंद केल्यावरही टिकते, त्याआधी ते निघून जात असे. कोअरमध्ये «अव्हॉइड रियूज» नावाचा आणखी एक पर्याय आहे: ज्या पत्त्यावरून एकदा खर्च झाला त्यावर नंतर पडलेली नाणी तो वॉलेटच्या नेहमीच्या निवडीतून आपोआप वगळतो. तुमच्या प्रकारच्या धुळीवर हा नेमका उतारा आहे.

तुमच्या हार्डवेअर वॉलेटच्या स्वतःच्या ॲपमध्ये नाणी वेगवेगळी दिसत नसतील तर तेच उपकरण केबलने स्पॅरोला जोडता येते. त्यासाठी चोवीस शब्द संगणकावर टाइप करावे लागत नाहीत. कुठलाही कार्यक्रम ते मागू लागला तर तिथेच थांबा. कार्यक्रम उतरवताना शोधयंत्रातल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना खोट्या सर्व्हरांनी «नवी आवृत्ती घ्या» असा संदेश दाखवून बनावट कार्यक्रम गळ्यात मारला होता आणि त्यात अनेकांची नाणी गेली. मूळ संकेतस्थळावरूनच फाइल घ्या आणि तिची डिजिटल सही तपासा.

एक बारकावा. धूळ ज्या पत्त्यावर पडली त्याच पत्त्यावर तुमचे खरे नाणेही अजून असेल, तर ती दोन एकत्र खर्च केल्याने नवे काही उघड होत नाही. एकाच पत्त्यावरची नाणी एकाच मालकाची हे आधीच जगजाहीर असते. धोका धुळीबरोबर दुसऱ्या पत्त्यावरचे नाणे ओवले जाण्यात आहे. तसेच, तुमचे बरेच पत्ते आधीच्या एखाद्या खर्चात एकत्र झाले असतील तर आता धूळ गोठवून तो जुना दुवा पुसला जाणार नाही. जे पत्ते अजून वेगळे आहेत तेवढे वाचतात, आणि तेही पुष्कळ आहे.

परत पाठवायचा विचार सोडून द्या. ५४६ मधून शुल्क वजा केले तर उरणारी रक्कम बहुधा मर्यादेखाली जाते आणि नोड तो व्यवहार घेत नाहीत. मग वॉलेट काय करील? दुसरे एखादे नाणे जोडील, म्हणजे टाळायचे होते तेच होईल. एका बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला तरी ही सगळी रक्कम ४४ रुपयांच्या आत आहे. पडू द्या तिथेच.

नवे वॉलेट कधी उघडावे? शब्द खरोखर कुणी पाहिले, त्यांचा फोटो क्लाउडवर गेला, ते कुठल्या संकेतस्थळावर टाइप झाले, तर लगेच, सगळे, एका फटक्यात. तेव्हा खासगीपणाचा विचार नंतर. एरवी हलवायचेच असेल तर एकेक नाणे वेगळ्या व्यवहाराने, प्रत्येक वेळी नव्या पत्त्यावर, पूर्णच्या पूर्ण पाठवा म्हणजे सुटे परत येणार नाहीत. सगळे व्यवहार एकाच तासात उरकू नका, काही दिवसांत विखरून करा. «बीसी१क्यू» पत्त्यांवर असा एक व्यवहार साधारण ११० बाइटचा होतो; बाइटला ५ सातोशी शुल्क असेल तर सुमारे ५५० सातोशी. दहा नाण्यांना साडेपाच हजार. एकत्र हलवण्यापेक्षा थोडे महाग पडते, पण तुमच्या बचतीचा नकाशा कुणाच्या हाती जात नाही.

आता ट्रॉनकडे येऊ. तुमच्या पत्रातली ही दुसरी नोंद मला पहिलीपेक्षा अधिक चिंतेची वाटते, कारण इथे माहिती जात नाही, थेट पैसे जातात.

ट्रॉन किंवा इथेरियम या तशाच दुसऱ्या जाळ्यावर नोटांचा बटवा नसतो, खात्यावर सरळ एक शिल्लक असते. तिथल्या धुळीचा हेतू वेगळा असतो, त्याला पत्त्याचा विषप्रयोग म्हणा हवे तर. इंग्रजीतून आलेला शब्द ॲड्रेस पॉयझनिंग. यूएसडीटीच्या करारात, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या साखळीवरच्या कार्यक्रमात, एक सोय आहे: तुम्ही कुणाला ठरावीक रकमेची मंजुरी दिली असेल तर तो तुमच्या खात्यातून तेवढी रक्कम काढू शकतो. मंजुरीच दिलेली नसेल तर ती शून्य असते, आणि मागितलेली रक्कमही शून्य असेल तर करार म्हणतो, शून्य शून्यापेक्षा जास्त नाही, चालेल. मग तो «अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर शून्य यूएसडीटी» अशी अधिकृत नोंद करतो. टोकनांच्या मूळ मानकानेच शून्य रकमेची नोंद इतर नोंदींसारखीच व्हावी असे ठरवले आहे. तुमची सही नाही, तुमचे शब्द नाहीत, तुमचा पैसाही नाही. शुल्क भामट्यानेच भरले.

तो ते का भरतो? ती नोंद ज्याच्या नावे आहे तो पत्ता पुन्हा उघडून नीट पाहा. तुमच्या एक्सचेंजच्या जमा पत्त्यासारखा दिसेल. ट्रॉनचा पत्ता ३४ चिन्हांचा असतो, पहिले चिन्ह नेहमी «टी», आणि वॉलेट बहुधा सुरुवातीची आणि शेवटची चार-सहा चिन्हेच दाखवते. शेवटची चार चिन्हे जुळवायला सरासरी सव्वा कोटीच्या आत प्रयत्न लागतात, पाच जुळवायला सुमारे ६५ कोटी. संगणकाला हे जड नाही. इथेरियमवर सुरुवातीची चार आणि शेवटची चार मिळून सुमारे ४२९ कोटी शक्यता होतात, आणि चांगल्या ग्राफिक कार्डाला तेही मिनिटांचे काम आहे. भामट्याचा कार्यक्रम साखळीवर नजर ठेवून असतो. तुम्ही एक्सचेंजला पैसे पाठवलेत की थोड्याच वेळात जुळा पत्ता तयार होतो आणि शून्याची नोंद तुमच्या इतिहासात येऊन बसते. पुढच्या महिन्यात तुम्ही घाईत इतिहासातून «मागचाच पत्ता» कॉपी कराल, एवढ्यावर त्याचा सगळा धंदा चालतो. काही वॉलेट आता शून्याच्या नोंदी लपवतात, म्हणून ०.००१ यूएसडीटीसारखी खरी रक्कम पाठवणारे किंवा यूएसडीटी याच नावाचे खोटे टोकन वापरणारेही निघाले आहेत.

मे २०२४ मध्ये एका मोठ्या गुंतवणूकदाराने याच सापळ्यात १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारे बिटकॉइनचे प्रतिरूप) पाठवून दिले. किंमत त्या वेळी सुमारे ६.८ कोटी डॉलर. त्याने आधी चाचणी म्हणून ०.०५ इथर, म्हणजे इथेरियमचे चलन, बरोबर पत्त्यावर पाठवले होते. ते पोहोचताच जुळा पत्ता इतिहासात आला, सुरुवातीची चार आणि शेवटची सहा चिन्हे तीच, आणि खरी रक्कम त्या जुळ्याकडे गेली. पुढे बोलणी होऊन बहुतेक रक्कम परत मिळाली, पण असे क्वचितच घडते. या प्रकरणात चाचणीचा व्यवहार पूर्णपणे बरोबर होता. चाचणीनंतर पत्ता पुन्हा इतिहासातून उचलला, चूक तिथे झाली.

त्यामुळे तुमच्यासाठी नियम साधा: इतिहासातून पत्ता कधीही कॉपी करायचा नाही. एक्सचेंजचा जमा पत्ता दर वेळी एक्सचेंजमध्ये शिरून तिथूनच घ्या, किंवा एकदा पूर्ण ३४ चिन्हे तपासून वॉलेटच्या पत्तावहीत नाव देऊन साठवा आणि पुढे तिथूनच निवडा. पाठवण्यापूर्वी उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता वाचा. सगळा वाचणे उत्तम. कंटाळा आला तर निदान सुरुवातीची पाच, शेवटची सहा आणि मधली कुठलीही सहा, दर वेळी वेगळ्या जागची. जुळे पत्ते टोकांना जुळतात, मधे जुळत नाहीत. एक्सचेंजमध्ये पैसे काढण्यासाठी मंजूर पत्त्यांची यादी ठेवायची सोय असेल तर तीही चालू करा.

आणि हे तुमच्या ग्राहकांनाही कळवा. त्यांच्या इतिहासात तुमचा जुळा पत्ता पडलेला असू शकतो आणि तुमचे मानधन तिकडे गेले तर वाद तुमच्या दारात येईल. प्रत्येक बिलावर पूर्ण पत्ता लिहा, मागच्या व्यवहारातून उचलू नका असे एका ओळीत सांगा.

शून्याच्या नोंदीमुळे मंजुरी रद्द वगैरे काही करावे लागत नाही, कारण मंजुरी दिलेलीच नव्हती. तरीही ट्रॉनचे व्यवहार दाखवणाऱ्या ट्रॉनस्कॅन या संकेतस्थळावर वा वॉलेटमध्ये मंजुऱ्यांची यादी एकदा बघून घ्या. जुन्या, नको असलेल्या असतील तर काढून टाका. अनोळखी टोकन किंवा एनएफटी आले आणि त्याच्या नावातच एखादे संकेतस्थळ असेल, «इथे येऊन पाच हजार डॉलर घ्या» छापाचे, तर ते विकायला, बदलायला, परत करायला जाऊ नका. तिथे वॉलेट जोडून केलेली एक सही तुमचे खरे यूएसडीटी काढून घ्यायची मंजुरी ठरू शकते. वॉलेटमध्ये ते टोकन लपवायची सोय असते, ती वापरा. चुकून पैसे जुळ्या पत्त्यावर गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि व्यवहाराचा क्रमांक द्या. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी पत्ते गोठवू शकते, पण पैसे तिथून पुढे सरकण्याआधी.

धूळ दिसल्यावर बहुतेक जण आणखी एक गोष्ट करतात, तीही थांबवा. ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, जाऊन आपला जुना पत्ता शोधायचा, मग दुसरा, मग तिसरा, त्याच ब्राउझरमधून. त्या संकेतस्थळाला आपसूक कळते की हे तीनही पत्ते एका आयपीवरच्या एका माणसाला हवे आहेत. ५४६ सातोशी पाठवणाऱ्याला वर्षभर वाट पाहून जे मिळाले नसते ते आपण पाच मिनिटांत आपल्या हाताने देतो. पाहायचेच असेल तर आपला आयपी लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमधून, एका वेळी एकच. हार्डवेअर वॉलेटच्या कंपनीचे ॲपही तुमच्या सगळ्या पत्त्यांची शिल्लक कंपनीच्या सर्व्हरला विचारत असते. स्पॅरोला स्वतःच्या बिटकॉइन कोअर नोडशी जोडले की ही चौकशी घरातल्या घरात राहते. पूर्ण खातेवही साठवायला सातशे जीबीच्या वर जागा लागते, पण जुने ब्लॉक पुसत जाणारी छाटणीची (प्रूनिंग) सोय चालू केली तर ब्लॉक ५५० एमबीइतक्या कमी जागेतही मावतात. सुरुवातीला सगळे एकदा उतरवून तपासावे मात्र लागते, त्याला घरच्या इंटरनेटवर काही दिवस लागू शकतात. तुमच्याकडे २०१९ पासूनची बचत आहे, एवढे कष्ट तिला शोभतात.

त्याच जोडीला, एकाच हार्डवेअर वॉलेटमध्ये दोन-तीन खाती पाडा: एक एक्सचेंजवरून आलेल्या नाण्यांचे, एक ग्राहकांकडून थेट आलेल्यांचे, एक बचतीचे. एका खात्यातली नाणी दुसऱ्या खात्यातल्यांबरोबर वॉलेट आपणहून मिसळत नाही. एक्सचेंजने तुमचा पॅन घेतलेला आहे, तिथून बाहेर काढलेली नाणी तुमच्या नावाशी जोडलेलीच आहेत; ती बचतीच्या जुन्या नाण्यांपासून वेगळी ठेवली तर धूळ पडली तरी एकाच खात्यापुरती राहते.

आयकराचे. आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्री-हस्तांतरणातल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. धूळ नुसती येऊन पडली हे हस्तांतरण नव्हे. मोबदल्याशिवाय मिळालेल्या मालमत्तेवर कर लागतो तो वर्षभराची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली तर. ४४ रुपये तिथे पोहोचत नाहीत. यूएसडीटीतले मानधन हा मात्र व्यवसायाचा भाग आहे, ते कसे दाखवायचे हे तुमच्या सीएशी बोलून ठरवा. वहीत एक ओळ लिहून ठेवा: तारीख, व्यवहार क्रमांक, ५४६ सातोशी, न मागता आलेले, खर्च केलेले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या पैशाचा माग पुसणाऱ्या सेवेवर निर्बंध घातल्यावर कुणीतरी त्या सेवेतून नामवंतांच्या उघड पत्त्यांवर ०.१ इथर पाठवत सुटले होते, आणि पुढच्या महिन्यात तिथल्या अर्थखात्याला अशा धुळीबद्दल खुलासा करावा लागला. उद्या एखाद्या एक्सचेंजने पैशाचा उगम विचारला तर तुमच्या वहीतली ती ओळ कामी येईल.

शेवटचे काम कागदाचे. गोठवलेले नाणे ही फक्त त्या संगणकावरची खूण असते. चोवीस शब्दांत ती नसते. फोन बदलला, संगणक बिघडला आणि शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे केले की धूळ पुन्हा मोकळी होते, आणि त्या नव्या वॉलेटमधले «सगळे पाठवा» हे बटण तिला बचतीसोबत उचलते. स्पॅरोमधून लेबलांची फाइल काढून ठेवता येते. बीआयपी ३२९ या मानकाची ही फाइल कोणते नाणे खर्चायचे नाही हेही लक्षात ठेवते. ती पेन ड्राइव्हवर घ्या, पण शब्दांच्या कागदाबरोबर एकाच जागी नको, कारण तीत तुमच्या नाण्यांची यादी असते. शब्दांच्या कागदाशेजारी साध्या मराठीत दोन ओळी लिहून ठेवा: «५४६ सातोशीचे एक नाणे गोठवलेले आहे. वॉलेट पुन्हा उघडल्यावर आधी ते गोठवावे, मगच काही पाठवावे.» कधी तुमच्या जागी भावाला ते वॉलेट उघडावे लागले तर त्याच्या हातून चूक होणार नाही.